जिजींनी घरी पाठवलेली नोटीस

आमच्या नगरपालिकेत कॉम्प्युटरशी मोठ्याने भांडणारी एकच व्यक्ती होती, आणि नेमकी तीच आमची साहेब होती. नगररचना विभागाच्या त्या प्रमुख. पाटीवर नावापुढे लांबलचक हुद्दा होता, पण शिपायापासून नगरसेवकापर्यंत सगळे त्यांना जिजीच म्हणायचे. बांधकाम परवानगीच्या खिडकीवर त्या बोलल्या की पलीकडे जन्म-मृत्यू नोंदणीत ऐकू जायचं. मी त्यांच्या समोरच्या टेबलावर कॉम्प्युटर ऑपरेटर होतो, त्यामुळे त्या भांडणाचा पहिला श्रोताही मीच.

भांडण असायचं जुन्या वेबसाइटशी. शहरातल्या कोणत्या घराला बांधकाम परवानगी मिळाली आहे, हे लोकांना घरबसल्या शोधता यावं म्हणून ती कधीकाळी केली होती. घरबसल्या कुणाला काही सापडल्याचं आम्हाला माहीत नव्हतं. ती आमच्या कचेरीतल्या एकाच कॉम्प्युटरवर नीट उघडायची. पाटील, वळवी, अन्सारी ही नावं ज्या कंत्राटी मुलांनी पूर्वी टाइप केली, त्यांनी जशी चुकवली तशीच आपणही चुकवली तरच माहिती मिळे. जिजी त्या वेबसाइटला ‘मामंजी’ म्हणत. “हाक थोडी चुकली की रुसतात, काही विचारलं की ऐकू येत नाही, आणि दुपारी जेवणानंतर तर उठायचंच नाही. माझे सासरे गेले भो, पण हे माझ्या नशिबातून जात नाहीत.”

मामंजींवर प्रेम करणारेही होते. परवानगीचा उतारा काढून देणारे दलाल बाहेर चहाच्या टपरीवर बसून असत. वेबसाइट चालली तर त्यांच्या पोटावर पाय येणार होता. शिवाय शहरातल्या बऱ्याच बड्या माणसांना आपल्या इमारतीची माहिती न सापडणंच सोयीचं होतं. त्यामुळे नव्या व्यवस्थेचा प्रस्ताव प्रत्येक बैठकीत पुढे ढकलला जाई. शेवटी एका बैठकीत जिजींनी मुख्याधिकाऱ्यांपुढे लॅपटॉप ठेवला आणि त्यांच्याच सरकारी बंगल्याची परवानगी शोधायला सांगितली. साहेबांनी नाव टाकलं. पडद्यावरचं चक्र फिरू लागलं. चहा आला. जिजी शांतपणे म्हणाल्या, “चहा शोध लागल्यावर घेऊ, साहेब.” कुणाची कप उचलायची हिंमत होईना. चहावर साय धरली, बिस्किटं सादळली, चक्र फिरतच राहिलं. साहेबांनी लॅपटॉप मिटला आणि प्रस्तावावर सही केली.

मग पुण्याहून कंपनीचा माणूस आला. रंगीत नकाशे, हलणारे बाण, मागे संगीत. जिजींनी ते सगळं पाहून घेतलं आणि म्हणाल्या, “सारंगखेड्याच्या बाजारात घोडा विकणारासुद्धा आधी चालवून दाखवतो. तुम्ही मला नुसती झूल दाखवताय.” त्या माणसाने संगीत बंद केलं. पुढचे कित्येक महिने तो आमच्याकडेच मुक्कामाला असल्यासारखा होता. जाताना मात्र जिजींच्या पाया पडून गेला.

चुकलेली नावं दुरुस्त करायला जिजी स्वतः गल्लोगल्ली फिरल्या. ओट्यावर बसायचं, घरच्या माणसाला त्याचं नाव त्याच्याच तोंडून सांगायला लावायचं, आणि मी ते लिहून घ्यायचं. मोहल्ल्यातल्या एका म्हाताऱ्या शिंप्याने शिलाई मशीन थांबवून विचारलं, “बेटी, नाम सुधारने आई है या घर गिराने?” दुसरं कुणी असतं तर गोड काहीतरी बोललं असतं. जिजी म्हणाल्या, “चाचा, आज सिर्फ नाम. घर का बाद में देखेंगे.” चाचा इतके हसले की आम्हाला जेवायला ठेवून घेतलं.

नवी व्यवस्था सुरू झाली आणि चाचांची शंका खरी ठरली. नकाशावर घरावर बोट ठेवलं की परवानगी किती मजल्यांची, हे कुणालाही मोबाइलवर दिसू लागलं. बाजारपेठेतल्या एका लॉजमालक शेठना वरच्या बेकायदा मजल्याची नोटीस गेली. शेठ आठवडाभर मोबाइलवर नकाशा चाळत होते. नंतर एका दुपारी मोबाइल उंच धरून जिजींच्या टेबलापाशी आले. त्यांनी जिजींच्याच वडिलांचं घर शोधून काढलं होतं. वडील, म्हणजे नाना, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. घर रीतसर परवानगीचं, पण वरची गॅलरी नंतर बांधलेली, आणि तीही चांगली रस्त्यावर आलेली.

खिडकीवरची रांग ऐकू लागली. शेठ अगदी अदबीने म्हणाले, “जिजी, आता काय करायचं ते तुम्हीच सांगा.” जिजींनी मोबाइल हातात घेतला, शेठनी काढलेला गॅलरीचा फोटो मोठा करून पाहिला. “छान चालतंय की हो आपलं काम,” त्या म्हणाल्या, आणि मला नोटीस टाइप करायला सांगितली. शेठना धाडली होती तीच, फक्त नाव बदलून. जिजींनी सही केली आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला हाक मारली.

संध्याकाळी त्या स्वतः नोटीस घेऊन माहेरी गेल्या आणि तशाच परत आल्या. नानांनी सांगितलं होतं, “ऑफिसना कागद शे ना? मंग ऑफिसना मानूस धाड. पोरना हातथीन मी नही लेवाव.”

लेकीच्या हातून ते कागद घेणार नव्हते, म्हणून दुसऱ्या दिवशी ऑफिसचा माणूस होऊन मला जावं लागलं. नानांनी मला त्याच गॅलरीत बसवलं. तिथून चौकापर्यंतचा रस्ता दिसे, आणि बायको गेल्यापासून नानांचा सगळा दिवस त्या खुर्चीतच जात होता. त्यांनी चहा पाजला, चष्मा लावला, नोटीस शेवटपर्यंत वाचली. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. त्यांनी खालच्या सहीवर बोट टेकवलं.

“मन्ही पोर शे,” ते म्हणाले. “सही देख. जराबी हालनी नही.”

गॅलरी त्यांनी स्वतःच पाडून घेतली. रस्त्यावर खुर्ची टाकून बसले, गवंड्याला शिव्या देत. तिकडे शेठच्या लॉजचा मजलाही उतरला. पण नाना लेकीशी बोलायचे बंद झाले. जिजी दर रविवारी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन जात. नाना दारातच डबा घेत, मागच्या रविवारचा घासलेला डबा परत देत, आणि दार लावून घेत. सोमवारी आम्ही विचारलं की जिजी म्हणत, “डबा रिकामा मिळाला. म्हणजे अजून पुरता राग नाही.”

जिजींची बदली विदर्भात झाली तेव्हा निरोप समारंभाला नाना न बोलावता आले. मागच्या रांगेत बसले. भाषणं संपल्यावर खिडकीशी येऊन त्यांनी मला मोबाइल दाखवला. नवीन गॅलरीसाठी त्यांनी ऑनलाइन अर्ज भरला होता, आर्किटेक्टच्या नकाशासकट. मी तो जिजींपुढे धरला, तर त्यांनी उघडलासुद्धा नाही. “हा माझ्या जागी येणारा माणूस बघेल,” त्या म्हणाल्या. नानांनी मान डोलावली आणि लेकीची बॅग उचलून स्टँडकडे चालू लागले. बॅग कुणी उचलायची यावरून दोघांचं चौकापर्यंत भांडण चाललं होतं, ते सगळ्या बाजारपेठेने ऐकलं.

नव्या साहेबांनी अर्ज मंजूर केला, पण नियमात बसेल तेवढाच. गॅलरी आता एका खुर्चीपुरती आहे. दिवाळीत जिजी येतात तेव्हा मी त्या रस्त्याने मुद्दाम जातो. खुर्चीत जिजी बसलेल्या असतात, खालच्या दुकानदारांना पायऱ्या मागे घ्यायला सांगत. मागे उंबऱ्यावर नाना बसलेले असतात. त्यांना तिथून रस्ता दिसत नाही.