कपबशीवाल्यांचं सकाळचं पाणी

ग्रामपंचायतीची निवडणूक मी लढवली ती पाण्याच्या वेळेसाठी. आमच्या गावात पाणी होतं. बोअर होता, टाकी होती, चौकात नळ होते. पण नळाला पाणी यायचं अकरा वाजता, कारण पंचायतीचा शिपाई आधी स्वतःच्या रानात जायचा, तिथलं काम उरकून सायकलवर गावात यायचा आणि मग टाकीचा कॉक फिरवायचा. ज्यांच्या घरात नळ आणि ज्यांच्या बायका घरात, त्यांचं काहीच अडत नव्हतं. आम्ही मात्र त्या वेळी कापसात खुरपत असायचो. मग घागरी कोण भरणार? घरातली पोरगी. शाळाही त्याच सुमाराला भरायची. माझी लेक तेव्हा तिसरीत होती आणि आठवड्यातले निम्मे दिवस नळावर असायची.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या वॉर्डातली जागा बायकांसाठी राखीव निघाली. नवऱ्याचा धाकटा चुलतभाऊ, म्हणजे माझा दीर, गावातल्या एका पॅनलचा पुढारी. त्याला उमेदवार म्हणून घरातलीच बाई हवी होती.

"वैनी, तुमी नुसतं उभं राहा. बाकीचं आमी बघून घेतो," तो म्हणाला.

"उभी राहते भावजी. पण सकाळी सहाला पाणी, हे आपल्या पत्रकात पहिलं छापायचं," मी म्हटलं.

त्यानं खांदे उडवून होकार दिला. त्याला ते फुकटचं वाटलं, आणि खरोखरच फुकटचं होतं. लाइट रात्रीची असायची, टाकी रात्री भरता येत होती, पहाटे फक्त एका माणसानं उठून कॉक फिरवायचा होता. आमची निशाणी कपबशी, समोरच्यांची छत्री. छत्रीवाले देवळापुढं सभामंडप बांधणार होते. मी दारोदार फिरले. मेंढरं राखणाऱ्यांच्या आळीत तर बायकांनी मला हाताला धरून बसवलं. "व्हय माय, हे कामाचं बोलून राहिली तू," एक म्हातारी म्हणाली. छत्रीवाले पारावर बसून हसायचे, बायकांच्या घागरीचं कुठं राजकारण असतं का म्हणायचे.

मी पडले. मतं शेवटी भावकीभावकीनं पडली. ज्या बायकांनी मला चहा पाजला त्यांच्यातल्या निम्म्या नवऱ्याच्या सांगण्यानं छत्रीवर शिक्का मारून आल्या, आणि मला ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

आणि मग एका संध्याकाळी दवंडी आली. उद्यापासून नळाला सकाळी सहाला पाणी, छत्रीवाल्यांच्या नव्या सरपंचाच्या हुकमानं.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ज्या गोष्टीला हे लोक हसले, तीच उचलून मोकळे! सरपंच मुरलेला गडी होता. मतमोजणीत आमचा वॉर्ड किती थोडक्या मतांनी छत्रीच्या हाती राहिला हे त्यानं बरोबर पाहिलं होतं. मी रात्रभर मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या. पहाटे मात्र घागर घेऊन नळावर गेले, कारण राग आला म्हणून घरातला रांजण भरत नाही. नळावर सगळ्या हजर. ती मेंढरंवाली म्हातारी मला म्हणाली, "आलं की गं तुझं पाणी." साडेसहाला माझा रांजण भरला होता. दहाला माझी लेक तेल लावून, वेण्या घालून शाळेत गेली. तिला पाठमोरी जाताना पाहून माझा राग जागच्या जागी निम्मा झाला.

दिराचा मात्र वाढत होता. "ही चोरी हाय वैनी. आपला मुद्दा घेऊन गेले. पुढच्या बारीला आपण काय सांगावं लोकायला?" असं तो दिवसाआड येऊन ऐकवायचा. मला त्याचंही पटायचं. मत मागायला काही तरी हातात लागतंच.

हिवाळ्यात अचानक सकाळचं पाणी बंद पडलं. मोटार जळली, असं शिपाई सांगायचा. अकराला मात्र नळ सुरू. जळलेली मोटार अकराला कशी बरी होते? मी शिपायाच्या घरी जाऊन उंबऱ्यातच बसले. आधी तो थंडीवर घसरला, मग लाइटवर, आणि शेवटी रडकुंडीला आला. "तुमच्याच भावजीनं सांगितलं बाई. म्हणे सरपंचाचं नाव खराब झालं पायजे. मला काहून मधात घालून राहिले तुमी?" शिपाई आमच्याच भावकीतला होता.

मी तिथून थेट दिराच्या वाड्यावर गेले. तो लपवायलाही लागला नाही. "थोडे दिवस कळ काढा. लोक चिडले की ग्रामसभेत तुमीच उठून बोला, सरपंचाला पाणी देता येत न्हाई म्हणून."

"आणि तवर माझी पोरगी?"

"एका पोरीचं काय घेऊन बसल्या वैनी?"

हे वाक्य मी आजपर्यंत विसरलेले नाही. एकाच पोरीचं नव्हतं ते, आणि एकीचं असतं तरी ती माझी होती.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. दिरानं मला पुढं बसवलं. मी उठले, पदर खोचला आणि बोलले. "सकाळचं पाणी कपबशीनं मागितलं. छत्रीनं दिलं. दोघायनं बराबर केलं. आता जो कोणी ते बंद पाडील, तो घरचा असला तरी त्याच्या दारात आमी बायका रिकाम्या घागरी घेऊन बसू. मोटार चांगली हाय. ठराव लिहा."

ठरावाची सूचक मी होते. अनुमोदक म्हणून हात वर केला सरपंचाच्या बायकोनं, आणि सरपंच तिच्याकडं बघतच राहिला. दुसऱ्या दिवसापासून पाणी सहाला आलं. दिरानं माझ्याशी बोलणं टाकलं.

पुढं घरात टीव्ही आला. त्यात सत्तेवरच्या पक्षानं विरोधकांची घोषणा उचलली की दोन्हीकडचे तावातावानं भांडताना दिसायचे. एकजण म्हणायचा चोरी, दुसरा म्हणायचा आमच्या मनात आधीपासून होतं. मला दोघांचाही संताप यायचा. उचलावी, जरूर उचलावी. गावाला हवं ते सत्तेवर बसलेल्यानं करायचं नाही तर कुणी करायचं? फक्त अर्धी उचलू नये, आणि ज्याची उचलली त्याचं नाव घेतल्यानं कुणाची खुर्ची मोडत नाही. सरपंचानं पाच वर्षांत माझं नाव एकदाही घेतलं नाही. ते मला लागायचं. आजही लागतं.

पुढच्या निवडणुकीला कपबशीनं मला उभं केलं नाही. सरपंच मात्र सकाळीच आमच्या दारात आला, मागं चारपाच माणसं. "बाई, सकाळचं पाणी आमी आणलं. ध्यानात ठेवा."

लेक तेव्हा आठवीत होती, शेजारच्या गावी, साखऱ्याच्या शाळेत जायला निघाली होती. ती थांबली. "काका, ते तर आईचं होतं ना?"

माणसं चुळबुळली. सरपंचानं टोपी सारखी केली.

"तू जाय, उशीर होईल," मी तिला म्हटलं. ती गेली. मग मी सरपंचाला सांगितलं, "साखऱ्याच्या वाटंवर ओढा हाय. पावसाळ्यात तो भरला की पोरी घरी बसतात. नळ्या टाकून त्याच्यावर पूल करा, माझं मत तुमचं."

सरपंच पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाला, "ते तर कपबशीवाल्यायनं कालच जाहीर केलं की."

मला ठाऊक होतं. जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी जावेच्या चुलीपाशी बसून, बोलत नसलेल्या दिराच्या कानापर्यंत मीच ते पोचवलं होतं.

"मग त्यायचं आमी कसं उचलावं?" सरपंचानं विचारलं.

"पाणी उचललं तसंच," मी म्हणाले.