क्विरीनो खाटकाची साक्ष

इटलीतील मोन्तेरोक्को या डोंगरी गावाच्या वरच्या आळीत क्विरीनो बस्तियानेल्ली याचे मांसाचे दुकान होते. त्याच्या मालाविषयी कधी कोणाची तक्रार नव्हती. तक्रारी असत त्या मुठींविषयी. स्वतःच्या लग्नात त्याने मेव्हण्याची बरगडी मोडली. वडिलांच्या अंत्ययात्रेत शवपेटी खांद्यावर असतानाच, शेजारी चालत हसणाऱ्या एका गृहस्थाला त्याने लाथेने गटारात लोटले. पेटी मात्र तसूभर हलू दिली नाही. मी त्याला शाळेत लॅटिन शिकवले. क्रियापदे त्याला आली नाहीत. बाके मात्र त्याने क्रमाने, पहिल्या रांगेपासून मोडली.

ऑगस्टमधल्या एका रविवारी आळ्याआळ्यांत होणाऱ्या पिंपांच्या शर्यतीत आमच्या आळीचे ओकचे पिंप चढावरून चर्चपर्यंत ढकलत नेणारे दोघे म्हणजे हा क्विरीनो आणि त्याचा जोडीदार, उल्देरीको गवंडी. आदल्या वर्षी क्विरीनोने वेशीच्या आळीतील सेत्तीमिओचा जबडा फोडला होता. म्हणून शर्यतीच्या समितीने यंदा अट घातली: शर्यतीपूर्वी त्याने दुसऱ्या आळीच्या माणसावर हात उचलला, तर वरच्या आळीचे पिंप बाद. अपवाद एकच, आणि तोही जुन्या नियमांतला: आपल्या आळीच्या माणसाला वाचवताना उचललेला हात गुन्हा ठरत नाही.

सेत्तीमिओ रोज दुकानावरून जाऊ लागला.

"काय रे खाटका, मूठ फ्रीजमध्ये ठेवलीस वाटतं?"

"ठेवलीय," क्विरीनो म्हणे. "रविवारनंतर काढतो. तुझ्या नावाचाच वाटा आहे."

शर्यतीच्या आदल्या दिवशी पेरूजाहून वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांची सहल आली. त्यांना तटबंदी दाखवण्याचे काम माझ्याकडे होते. त्यांच्यातील ओत्ताविया नावाच्या मुलीने वेशीजवळच्या दुकानातून आमच्या आळीचा हिरवा रुमाल विकत घेतला आणि गळ्यात बांधला. पाहुण्याने रुमाल मनगटाला बांधायचा असतो. गळ्यात तो आळीत जन्मलेल्यांनीच बांधावा, आणि गाठ डाव्या खांद्यावर यावी. तिची गाठ हनुवटीखाली होती. ती घोळक्याच्या पुढे चालत होती. मी मागून तिला गाठेपर्यंत ती क्विरीनोच्या दुकानासमोर पोहोचली, आणि तेथे सेत्तीमिओ आपल्या दोन भावांसह उभा होता.

"ए पोरी, काढ ते फडकं."

"पैसे देऊन घेतलंय," ती हसून म्हणाली.

सेत्तीमिओने रुमाल मुठीत धरला आणि पिळला. तो तिच्याकडे पाहतच नव्हता; त्याचे डोळे दुकानाच्या दारावर होते. मध्ये पडलेल्या तिच्या मित्राच्या नाकावर एका भावाचे कोपर बसले आणि फरशीवर रक्त उडाले. सेत्तीमिओने आणखी एक पीळ दिला. मुलीच्या टाचा जमिनीवरून सुटल्या, ओठ काळेनिळे पडू लागले. मी काठी उगारली. ती कोणीतरी हिसकावली आणि माझ्याच पाठीवर मोडली.

दारात उल्देरीकोने क्विरीनोला मागून मिठी मारली होती.

"बघू नकोस तिकडे. तुझ्यासाठीच चाललंय ते. सोडतील तिला."

"सोडत नाहीयेत."

"पिंप, क्विरीनो. अरे, पिंप."

क्विरीनोने डोके मागे आपटून उल्देरीकोची भुवई फोडली, मिठी सुटली, आणि तो बाहेर आला. पहिला ठोसा सेत्तीमिओच्या कानाखाली बसला. तरीही रुमाल सुटेना, तेव्हा त्याने सेत्तीमिओची बोटे धरून उलटी वाकवली. ती मोडल्याचा आवाज मी ऐकला. एका भावाने स्टूल त्याच्या पाठीत घातले. त्याने तेच स्टूल हिसकावून त्या भावाच्या गुडघ्यावर मारले. दुसरा भाऊ पळाला. ओत्ताविया फरशीवर पडून खोकत होती, आणि तो खोकला ऐकूनच क्विरीनो थांबला.

त्याच संध्याकाळी समिती बसली. आमच्या आळीची कप्तान नाझ्झारेना हिने जिन्यातच त्याला गाठले.

"एवढंच म्हणायचं, मला ती आपल्याच आळीची वाटली. बास. पुढचं मी बघते."

"बरं, मावशी."

अध्यक्षही सज्जन होते. त्यांनी प्रश्नच असा विचारला की उत्तर त्यातच होते.

"गळ्यात हिरवा रुमाल बघून तुला ती तुमच्या आळीची वाटली. असंच ना?"

सारी आळी दाराशी श्वास रोखून उभी होती. क्विरीनोने एकदा दाराकडे पाहिले.

"नाही. गाठ हनुवटीखाली होती. पाहुणी आहे ते दिसत होतं मला."

"मग मारलंस कशासाठी?"

"तिला श्वास घेता येत नव्हता."

पिंप बाद झाले.

"मुडद्या," नाझ्झारेना म्हणाली, "एक वाक्य पाठ होईना तुझ्याच्यानं."

जिन्याच्या पायथ्याशी उल्देरीकोने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. क्विरीनोने उलट ठोशाने त्याचे पुढचे दोन दात पाडले. मग आमचीच माणसे क्विरीनोवर तुटून पडली. कोणी बादली डोक्यात घातली, बायकांनी चपलांनी झोडपले. ज्यांच्या मुलांना मी शिस्त शिकवली, ते सभ्य पालकही त्यांत होते. त्याने हाताला लागेल त्याला हाणले, आणि अखेरीस फाटक्या सदऱ्यानिशी, कपाळावरचे रक्त पुसत, तो चालत घरी गेला.

रविवारी इतर आळ्यांची पिंपे चढ चढून गेली. त्यानंतर कित्येक महिने वरची आळी मांस आणायला उतरून वेशीच्या आळीत, म्हणजे शत्रूच्या खाटकाकडे जात राहिली. क्विरीनो रोज दुकान उघडी, फळी घासी आणि बंद करी.

पुढच्या वसंतात त्या दोघांच्या जागी दोन तरुणांना सरावाला उभे केले. वळणावर पिंप मागे घसरले आणि त्यांतल्या एकाची नडगी चिरडून भिंतीवर आदळले. दुसऱ्या दिवशी नाझ्झारेना क्विरीनोच्या दुकानात शिरली.

"दोन किलो बरगड्या दे. चरबी नको."

त्याने तोलून दिल्या.

"उद्या पहाटे सराव आहे," ती म्हणाली.

"उल्देरीको येणार?"

"दात बसवलेत त्यानं. येईल."

"बोलेल माझ्याशी?"

"पिंप ढकलायला बोलावं लागतं होय रे?" असे म्हणून तिने बरगड्या पिशवीत टाकल्या आणि ती चढाला लागली.