चाळीस मिनिटांचा परिचय

ख्राइस्टचर्चच्या विमानतळावर माझ्या बॅगेतला चिवडा तपासायला अधिकाऱ्याला सहा मिनिटे लागली. शेंगदाणे भाजलेले आहेत का, हे त्याने दोनदा विचारले, आभार मानले आणि मला सोडले. काम आटोपले की या देशात माणसाला जाऊ देतात, अशी माझी समजूत झाली. ती शहराच्या हॉर्नबी उपनगरापर्यंत टिकली.

पुण्याच्या एका वर्तमानपत्रासाठी मी डॉ. फुमिको इसोगाई या जपानी खगोलभौतिकशास्त्रज्ञांवर लिहायला आलो होतो. दक्षिण बेटाच्या मधोमध एका डोंगरावर दुर्बीण आहे; तिथे त्या सत्तावीस वर्षांपासून दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधत आहेत. एक तारा दुसऱ्याच्या समोरून गेला की पुढच्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे मागच्याचा उजेड काही काळ वाढतो. पुढच्या ताऱ्याला ग्रह असेल तर त्या उजेडाच्या आलेखावर एक छोटा उंचवटा येतो, कधी जेमतेम तासाभराचा. योग एकदाच येतो. असा एक योग शनिवारी संध्याकाळी होता. महिनाअखेरीस बाई निवृत्त होणार होत्या.

दुर्बिणीचा कॅमेरा थंड ठेवणारा पंप मात्र बिघडला होता. नवा पंप हॉर्नबीतल्या एका गोदामात आला होता. तो घ्यायला बाई शनिवारी सकाळी येणार आणि परतताना मला सोबत नेणार, असे ठरले.

ही बातमी मीच फोडली. मी ज्याच्याकडे उतरलो होतो तो माझा वर्गमित्र मिलिंद जोगळेकर हॉर्नबीत राहतो, संगणकाच्या नोकरीत आहे आणि तिथल्या मराठी मंडळाचा सचिव आहे.

"एवढी मोठी बाई आपल्या दारावरून जाणार आणि आपण सत्कार करायचा नाही?" तो म्हणाला. "अर्धा तास. हीप्स (भरपूर) वेळ आहे रे."

बाईंनी निमंत्रण स्वीकारले. एक वाजता निघायलाच हवे, एवढे त्यांनी कळवले. तीन तासांचा रस्ता, पंप बसवून कॅमेरा थंड व्हायला अडीच तास, आणि साडेसहाला पुरेसा अंधार. मिलिंदने उत्तर पाठवले, "स्वीट अ‍ॅज" (म्हणजे काही हरकत नाही).

अकराचा कार्यक्रम पावणेबाराला सुरू झाला. सभागृहात ज्योत पेटवायला बंदी असल्याने समई बॅटरीवरची होती. पाच वाती, बटण एक. पाच मान्यवरांनी पाळीपाळीने ते दाबले. एकदा दाबले की दिवे लागत, पुन्हा दाबले की विझत. पाच हा विषम आकडा असल्याने शेवटी समई उजळलेली राहिली. तेवढ्यात उत्तर बेटावरच्या पापाटोएटोहून विमानाने आलेले पाहुणे दारात दिसले. त्यांनाही मान देणे भाग होते. समई विझली, टाळ्या झाल्या. डॉ. इसोगाई हळूच पुढे झाल्या आणि त्यांनी सातव्यांदा बटण दाबले.

परिचय करून द्यायला वृंदाताई उभ्या राहिल्या. त्या औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहेत, वाचन स्पष्ट. हातात इंटरनेटवरून काढलेला इंग्रजी कागद होता. जन्म ओसाका. चाळीस पुस्तके. तारुण्यात गिर्यारोहण. दोन मुलगे, दोघेही डॉक्टर. इथे सभागृह विशेष हेलावले. पहिल्या रांगेतली वृंदाताईंची आठ वर्षांची मुलगी म्हणाली, "बट आई, इट सेज 'ही'. शी'ज अ लेडी."

"मध्ये बोलायचं नाही," वृंदाताई म्हणाल्या आणि पुढे वाचू लागल्या.

परिचय चाळीस मिनिटे चालला. घड्याळ लावायची मला सवय आहे. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह झाल्यावर पाहुण्यांना "दोन शब्द" बोलण्याची विनंती झाली. डॉ. इसोगाई वाकल्या आणि आधी माओरीत, मग मराठीत म्हणाल्या, "कियाओरा. नमस्कार." शब्द दोनच होते. एक वाजला होता.

"आता जेवण," मिलिंद म्हणाला.

"नाही, आभारी आहे. मला निघायला हवं," त्या म्हणाल्या.

आपल्याकडे पहिला नकार शिष्टाचाराचा, दुसरा संकोचाचा आणि तिसरा म्हणजे वाढा. बाईंनी प्रत्येक वेळी वाकून तीनही नकार दिले. त्यांच्या पानात श्रीखंड आले, दोन पुऱ्या आल्या, मसालेभात आला.

"लाजू नका हो, घरचंच आहे," पापाटोएटोचे पाहुणे म्हणाले. मीही घड्याळ दाखवले. "तू गप रे, पेपरवाल्या," मिलिंद म्हणाला.

दीड वाजून गेल्यावर त्याची बायको स्वाती स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती रुग्णालयात परिचारिका आहे. तिने बाईंचा चेहरा पाहिला, मग पान उचलले.

"ड्यूटी आहे ना तिची? मी नाइटला निघते तेव्हा कोणी मला श्रीखंडाचा आग्रह करता का?"

तिने सगळे डब्यात भरले, पंपाचे खोके स्वतः गाडीत ठेवले. आम्ही निघालो तेव्हा एक वाजून चाळीस मिनिटे झाली होती.

राकाया नदीचा लांब पूल, पाइनच्या रांगा, मेंढ्या, पुन्हा मेंढ्या. गाडी वेगमर्यादेच्या वर एका आकड्यानेही गेली नाही.

"परिचय चुकीच्या माणसाचा होता," मी म्हणालो.

"हो. आडनाव एकच आहे. त्यांचं काम चांगलं आहे."

"सांगितलं का नाही?"

"मग माझा परिचय झाला असता," त्या म्हणाल्या. "आणखी चाळीस मिनिटं."

मग त्यांनी तो जेराल्डीन गाव यायच्या आत संपवला. जपानच्या उत्तरेकडचे बंदराचे गाव. आई मासळीच्या कारखान्यात. दोन वर्षांसाठी इथे आल्या, नवरा परत गेला, त्या राहिल्या. पुस्तक एकही नाही. शोधनिबंधांत शंभरेक नावांच्या मध्ये कुठेतरी नाव. "वर्णानुक्रमे," त्यांनी खुलासा केला.

डोंगरावर पोहोचताच त्या पंप घेऊन आत गेल्या. सात वाजून दहा मिनिटांनी कॅमेरा सुरू झाला. आकाश स्वच्छ होते, साडेसहापासूनच. थंडगार पुऱ्या आम्ही उभ्यानेच खाल्ल्या. पडद्यावर उजेडाचे ठिपके एकेक करून उमटत होते, प्रत्येक आधीच्यापेक्षा जरा खाली. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. "सुंदर उतार आहे," एवढेच म्हणाल्या.

पुण्यात परतल्यावर त्यांचे पत्र आले. उंचवट्याची उजवी बाजू आहे, डावी नाही. पृथ्वीच्या त्या भागावर दुसरीकडे ढग होते, त्यामुळे कोणाकडेच नाही. अर्धा ग्रह कोणी छापत नाही. त्या घरी परतत आहेत. शाल मात्र फार उपयोगी पडली, दुर्बिणीच्या घुमटात हीटर लावता येत नाही. मंडळाला आभार कळवावेत.

आभार मी कळवले. मंडळाच्या वार्तापत्रात आले, "पाहुण्यांच्या कार्याचा सविस्तर परिचय करून देण्यात आला. कार्यक्रम वेळेत पार पडला."

आमच्या धंद्यात चुकीच्या माणसाची माहिती छापली गेली की दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा खुलासा देतात. इथे तो द्यायला जागा नव्हती, म्हणून हा प्रवास लिहावा लागला.

खुलासा: डॉ. फुमिको इसोगाई यांचा जन्म ओसाकात झालेला नाही आणि त्यांनी चाळीस पुस्तके लिहिलेली नाहीत. त्यांना एक वाजता निघायचे होते.