सकाळी सातचं बटण

मी काय काम करते हे यवतमाळच्या आमच्या गल्लीत अजून कुणालाच नीट कळलेलं नाही, आणि त्यात गल्लीची चूक नाही. कंपन्या हल्ली आपला सगळा कारभार दूरच्या, भाड्याच्या कॉम्प्युटरांवर चालवतात. त्यालाच क्लाउड म्हणतात. तो कारभार कुठे कोसळू शकतो हे आधीच शोधून सांगायचं, हे माझं काम. म्हणजे पगार घेऊन खुसपटं काढायची. हे मशीन बंद पडलं तर त्याचं काम कोण उचलेल? दुसरं मशीन त्याच इमारतीत आहे का? असेल तर इमारतीची वीज गेल्यावर त्याचा काय उपयोग? पर्यायी व्यवस्था आहे म्हणता, मग पहिली मुद्दाम बंद करून ती कधी चालवून पाहिलीत का? दिवसभर मी हे प्रश्न स्क्रीनवरच्या काळ्या चौकोनांना विचारते. चौकोनांमागे माणसं असतात, पण त्यांचे कॅमेरे बंद असतात.

कंपनी पुण्याची. मी यवतमाळात दोन खोल्यांत एकटी राहते. लग्न मोडल्याला बरीच वर्षं झाली. दूधवाला आणि मीटिंगा सोडल्या तर सोमवार ते शुक्रवार माझं कुणाशी बोलणं होत नाही. मला एकटं राहायला आवडतं असं मी पूर्वी सगळ्यांना सांगायचे. ते खोटं होतं.

बाबा राळेगावला. तहसील कचेरीतून कारकून म्हणून रिटायर झालेले. आई गेल्यावर मी त्यांना माझ्याकडे चला म्हटलं, ते नको म्हणाले, आणि मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्याऐवजी मी मला जे येतं ते केलं. एक व्यवस्था उभी केली.

त्यांच्या फोनच्या पहिल्या पानावर मी एक मोठं हिरवं बटण बसवलं. सकाळी सातला ते दाबायचं, की 'मी ठीक आहे' असा मेसेज मला येणार. मी तो उघडला की त्यांच्या फोनवर टिंग वाजणार. सव्वासातपर्यंत मेसेज आला नाही तर मी फोन करणार. फोन उचलला नाही तर शेजारच्या काकू जाऊन बघणार, त्यांच्याकडे आमच्या घराची दुसरी किल्ली ठेवली होती. सगळं कागदावर लिहून, बाबांना समजावून मी परत आले तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. पुढे कित्येक महिने सातला मेसेज येत राहिला. रविवारी फोनवर बोलणं व्हायचं, पण तेही जेवण झालं का, पाऊस आहे का, एवढंच. बाबा ठीक आहेत हे मला सकाळीच कळलेलं असायचं, मग आणखी काय विचारायचं?

गेल्या पावसाळ्यात एका कंपनीचं काम माझ्याकडे आलं. लॅबचे रिपोर्ट पेशंटच्या फोनवर पाठवायचा त्यांचा धंदा. दोन दिवस एकही रिपोर्ट कुणाला गेला नव्हता आणि यांना पत्ताच नव्हता, कारण त्यांच्या देखरेखीच्या पडद्यावर सगळे दिवे हिरवे होते. दुपारच्या मीटिंगमध्ये मी विचारलं, हा दिवा हिरवा होण्यासाठी तुम्ही नेमकं काय तपासता? त्यांचा इंजिनिअर म्हणाला, दर मिनिटाला मशीनला हाक मारतो, त्याने ओ दिली की हिरवा. रिपोर्ट जातोय का, हे कुणी बघतच नव्हतं.

मी त्याला चांगलंच झापलं. म्हटलं, हाकेला ओ देतंय याचा अर्थ ते फक्त जिवंत आहे. त्याला काम जमतंय का, हे कधी विचारलंत?

पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि मला बाबांचा सातचा मेसेज आठवला. दहा मिनिटांनी मीटिंग आटोपती घेतली, लॅपटॉप पिशवीत टाकला आणि स्टँडवर जाऊन राळेगावची एसटी पकडली. वाटभर मी स्वतःला सांगत होते की उगाच डोक्यात घेतलंय, आज सकाळीही मेसेज आलाय.

गल्लीत शिरताना आधी काकूंच्या दाराचं कुलूप दिसलं. गंजायला लागलेलं. आमचं दार उघडं होतं. बाबा बाजेवर बसले होते, त्यांनी माझ्याकडे बघितलं, सरळ माझ्या तोंडाकडे, आणि विचारलं, "कोन व्हय?"

मी बोलले तेव्हा त्यांनी ओळखलं. हसले, उठले, मोठ्या उत्साहाने चहा ठेवायला गेले. मी मागे उभी राहून बघत होते. साखरेचा डबा त्यांनी बोटांनी चाचपून काढला, दूध ओतताना पातेल्याच्या काठावर बोट धरलं. सातचं बटणही ते असंच दाबत असणार. बोटाला जागा पाठ झाली होती.

संध्याकाळी गावातल्या बुद्धविहाराच्या भोंग्यावर ग्रंथवाचन सुरू झालं. पावसाळ्यातल्या वर्षावासाच्या तीन महिन्यांत आमच्या विहारात रोज वाचन होतं, आणि मला कळायला लागल्यापासून ते बाबाच करत आलेत. त्या दिवशी आवाज एका बाईचा होता, अडखळत वाचणारा. मी विचारलं तेव्हा कळलं की आषाढी पौर्णिमेपासून तीच वाचते आहे. बाबांना अक्षर दिसत नाही हे अख्ख्या विहाराला ठाऊक होतं. काकू लेकीकडे वणीला गेल्याला दोन महिने झाले होते. किल्ली त्यांच्यासोबतच गेली होती.

मला राग आला. खरं तर लाज वाटत होती, पण तोंडातून राग बाहेर पडला. "काहून नाही सांगतलं मले?"

"तू इचारलंच कुठं, माय?" बाबा शांतपणे म्हणाले. "बटन दाबा म्हनली, मी दाबलं."

मग ते हळूहळू बोलायला लागले. डोळ्यांचं सांगितलं असतं तर मी त्यांना कुणाच्या तरी घरी ठेवलं असतं आणि बटण काढून टाकलं असतं, अशी त्यांना भीती होती. मी म्हटलं, काढलं असतं तर काय बिघडलं असतं?

"मंग तू उठली का नाही, हे मले कोन सांगनार होतं? तुह्याकडं तं कोनीच नाही. टिंग वाजली का मी चहा ठेवतो."

ती टिंग मी मेसेज पोचल्याची खूण म्हणून बसवली होती. ते तिच्यावरून मला तपासत होते, रोज. मागच्या महिन्यात एकदा मला ताप होता आणि मी अकराला उठले होते. त्या सकाळी साडेसातपर्यंत टिंग वाजली नाही, म्हणून बाबांनी मला फोन लावायचा प्रयत्न केला. कुठे काय दाबलं, कुणास ठाऊक, तो लागला नाही. मग त्यांनी कपडे बदलले आणि विचारत विचारत, एक एक पाऊल टाकत एसटी स्टँड गाठलं. रस्त्यात नालीच्या काठावर पाय घसरून पडले. गुडघ्यावरचा व्रण त्यांनी मला दाखवला नाही, मीच धोतर बाजूला करून बघितला. कंडक्टरने हात धरून त्यांना यवतमाळच्या गाडीत चढवलं होतं. गाडी निघायच्या बेतात असताना खिशात टिंग वाजली. बाबा उतरून घरी आले.

आणि मी त्या दिवशी अकरा वाजता मेसेज उघडून, बाबा ठीक आहेत, असं म्हणून पुन्हा झोपले होते.

मी रडले. बाबांना दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं.

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला आणि आठवडाभरात एका डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. ऑपरेशन होईपर्यंत मी राळेगावलाच राहायचं ठरवलं. आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तेव्हा बाबा आधीच बाजेवर बसले होते. त्यांनी विचारलं, "झोप लागली का?"

लागली म्हणायला मी तोंड उघडलं. मग म्हटलं, "नाही बाबा. लय दिवसांपासून नाही लागत."

त्यांनी बाजेवर हात फिरवून माझ्यापुरती जागा केली आणि म्हणाले, "बस. सांग."