चार बोटं कमी

जमिनीखालून जाणारा मोरीचा नळ कशाचा आहे, हे घागरबाबा न खणता सांगत. ते कात्रजकडचे, त्यांचं खरं नाव पेठेत कुणी कधी विचारलं नाही. उघड्या नळाचं काम सोपं असे. नखाने ओरखडा उठला तर शिसं, चिंच चोळून लाल झाला तर तांबं, टिचकीला वाजला तर खापर. पुरलेल्या नळाला मात्र ते घागर लावत. पहिली घागर मोरीत ओतायची ती नळ ओला व्हावा म्हणून, दुसरी परीक्षेची. पलीकडच्या टोकाला त्याच मापाची जोडघागर धरायची. ती भरली तर धातू, उणी राहिली तर खापर.

"तांबं पानी पुढं ढकलतं," ते म्हणत, "खापर आदी आपण पितं, मग दुसऱ्याला देतं." कुणी वाहवा केली की चिडायचे. पाण्याने सांगितलं, मी नव्हे, म्हणायचे.

शुक्रवार पेठेत मी घर बांधलं तेव्हा दफ्तरात नुकती बढती झाली होती आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मोरीचा नळ विहिरीजवळून मागच्या ओढ्याकडे नेला होता. गवंड्याने तो तांब्याचा सांगितला. दोन्ही टोकांना चिंच लावून मी स्वतः खात्री केली होती. तरी वास्तुशांतीच्या दिवशी आईने हट्टाने बाबांना बोलावलं, आणि चार पाहुण्यांदेखत जोडघागर चार बोटं कमी भरली.

"पंत, टोकं तांब्याची हायत," बाबा म्हणाले. "मधी खापर हाय, अन् ते पाझरतंय. हीर जवळ हाय."

गवंडी मी निवडलेला, पाहुणे माझ्या दफ्तरातले. मी म्हणालो, "अहो, आपल्याला तहान लागली असेल. चार बोटं आपणच प्यायलात की काय?" सगळे हसले. बाबांनी घागरी उचलल्या आणि विडाही न घेता निघून गेले. आई स्वयंपाकात होती. बाबा काय म्हणाले, असं तिने विचारलं. नळ उत्तम आहे म्हणाले, असं मी सांगितलं.

आम्ही हौदाचं पाणी प्यायचो. आईला सोवळ्यात विहिरीचंच लागे. पावसाळा सरताना तिला हगवण लागली आणि नवव्या दिवशी ती गेली. तेरावा उरकल्यावर मी नळ खणून काढला. दोन्हीकडे हातभर तांबं होतं. मधे सगळं खापर, आणि विहिरीपाशी सांधा सुटलेला.

दुसऱ्याच दिवशी कात्रज गाठलं. बाबा अंगणात बसले होते. मी हात जोडले, आई गेल्याचं आणि नळात काय निघालं ते सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "पान्याचं आईसाहेबांना ठावं व्हतं?"

मी नाही म्हणालो.

"मग चूक माजी," बाबा म्हणाले. "तुमच्या बोलन्याचा राग आला अन् मी तसाच निघालो. मागल्या दारानं जाऊन त्यांना सांगायला पायजे व्हतं."

तुमची काही चूक नाही, असं मी पुन्हा पुन्हा म्हणालो. पण आईने विचारलं होतं आणि मी तिच्याशी खोटं बोललो, हे सांगायला जीभ उचलली नाही. वर्षभरात बाबा गेले. आईच्या मरणाचा दोष आपलाच, असं मानूनच गेले.