खर्जाची पेटी

दादाला शेवटचं भेटले ते इस्पितळात. खिडकीखालच्या कुठल्याशा घरात कोणी तबला वाजवत होतं. दादा म्हणाला, "कुसुम, तबला उतरलाय का गं... की माझेच कान?" "तबलाच उतरलाय रे," मी म्हणाले. त्याला पटलं नाही. चौथ्या दिवशी तो गेला.

माझा हा थोरला भाऊ जुन्या इंदुरात राहायचा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी, आणि दर गुरुवारी घरी तबला. कानाचा असा पक्का की शेजाऱ्यांच्या रेडिओत काय बिघडलंय ते आमच्या ओट्यावरून सांगे. मध्य प्रदेश नवा-नवा होता त्या वर्षांत त्याने एक मोठा लाउडस्पीकर मिळवला. डग्ग्याचा खर्ज त्यातून जसाच्या तसा यायला हवा, हा ध्यास. त्यासाठी पेटी हवी, आणि पेटीत हवा किती मावावी, याचंच सारं गणित. लहान झाली तर आवाज गुदमरतो, मोठी झाली तर ढिला पडतो. तीन महिने कागद काळे करून उत्तर निघालं: आईच्या पितळी शेराने चाळीस शेर. तो शेर त्याने पाणी भरून मोजला होता. पेटीत आडवे-तिरके आधार ठोकलेले, मोजपट्टी चालेना. मग ठरलं, पेटी पालथी घालून उघड्या पाठीतून गहू ओतायचे, चाळीस शेर जिथवर येतील तिथे मागची फळी ठोकायची. तो पाठमोरा रंधा मारत होता. मोजून ओतले मी.

पेटी वाजली, पण ढिली. शेजारचे म्हणाले, "भिया, आवाज तो मस्त आ रहा है, अब और क्या चाहिए?" दादाने आकडे सात वेळा तपासले, आकडे बरोबर. "म्हणजे माझे कान गेले," म्हणाला, आणि गुरुवारचा तबला बंद केला तो कायमचा. मी वर चिडवलं, "आमचे कानसेन रिटायर झाले!" काय अवदसा आठवली होती मला!

तेराव्याच्या स्वयंपाकाला महाराज गहू मोजत होते. शेर भरला की वरची शीग तळहाताने सपाट करत. बघता बघता मला पेटीतले गहू आठवले. आमच्याकडे माप शिगोशीग भरायचं, सपाट माप म्हणजे दळिद्र, असं आईने शिकवलेलं. चाळीसही शेर मी तसेच ओतले होते...

वहिनीकडे पेटी मागितली. "ने गं, त्यांनी परत कधी लावलीच नाही," ती म्हणाली. काल घरी फळी काढली आणि आईच्याच शेराने, सपाट मापाने गहू ओतले. चाळीसच्या जागी अठ्ठेचाळीस शेर गेले. पेटीला धरून मी मोठमोठ्याने म्हणत राहिले, दादा, तुझे कान ठीक होते रे, चुकले ती मी. ऐकायला घरात कोणी नव्हतं.