लग्न झालेल्यांना लागत नाही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सोबतच्या सिस्टरांना नाही — आणि जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. आत्ताही एका जागी बसून सांगवत नाहीये.

मी धुळ्यात एका दवाखान्यात नर्स आहे, कॅज्युअल्टीत. टाक्यांना, सलाईनला येऊन थांबलेल्या बायकांना गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची लस विचारायची, असं आमच्या डॉक्टरमॅडमनी ठरवलं. एरवी धडधाकट बाई दवाखान्याची पायरी चढते कधी? विचारायचं काम माझं. मी तोंडाची फटकळ. हा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो तो शरीरसंबंधातून येतो, हे सासवांच्या देखत सांगायचे. वर माझं ठरलेलं वाक्य — यात कुणाचं चारित्र्य शोधायचं नसतं, बाई.

छान वाक्य आहे ना?

मग एका दुपारी वहिनी आली. माझ्या मोठ्या भावाची बायको, शिंदखेड्याकडच्या खेड्यातली. चारा कापताना विळा हातावर बसलेला. पट्टी होईपर्यंत तिनं शेजारच्या खाटेवरचं माझं बोलणं अर्धंमुर्धं ऐकलं. कर्करोग, एवढंच तिला कळलं.

"मंग माले बी टोची द्या ना, ताई. मनी माय त्याच रोगमा गई."

भाऊ हायवेवर ट्रक चालवतो. त्याचं बाहेर दुसरं घर आहे — हे आमच्यात मला एकटीला ठाऊक. आणि वहिनी प्रश्न विचारल्याशिवाय गोळीसुद्धा गिळत नाही. कसा येतो, कुठून येतो, विचारणारच, आणि ते कळलं की भावाबद्दल विचारणार. मग मी काय सांगणार होते?

"वहिनी, लग्न झालेल्यांना लागत नाही ती."

एका दमात बोलले. तिनं मान डोलावली. नणंद नर्स, ती खोटं कशाला सांगेल? भावाचा संसार वाचवला, असं तेव्हा मनाला समजावलं. छे! मी इतकी वर्षं गप्प होते, ते उघडं पडू नये — एवढंच होतं.

गेल्या महिन्यात तिच्याच गावची एक बाई आली, पाय मुरगळलेला. लसीचं विचारलं तर हसली. "लगीन हुयेल बाईले ती लागत नही ना. आमना गावमा बठ्ठ्यास्ले माहीत शे."

म्हणजे गावात सगळ्यांनाच माहीत. वहिनीनं सांगितलं असणार, कौतुकानं, माझं नाव घेऊन. किती जणींना? मी आवाज चढवला — असं सांगणारी अडाणी असेल, म्हटलं. मग त्या बाईला सगळं समजावलं, लस दिली, पुढचा डोस चुकवू नकोस म्हणून बजावलं.

चारच दिवसांत वहिनीचा फोन. त्या बाईनं गावात सगळं सांगितलं होतं, रोग कसा येतो तेही.

"ती बी लगीन हुयेलच शे ना, ताई? मंग तिले कशी दिधी?"

सांगता आलं असतं. अगदी तेव्हाही.

"तिचं वेगळं आहे, वहिनी," मी म्हणाले.

वहिनी हलक्या आवाजात, "आसं शे का?" त्या बाईच्या चारित्र्याबद्दल तिनं काय समजून घेतलं, ते मला लगेच कळलं. ती बाई साधी, घरसंसाराची. तिच्याबद्दल आता गावात काय बोललं जाईल, हेही कळलं. हाताची जखम बरी झाली का, एवढं मी विचारलं आणि फोन ठेवला.